पुन्हा पुन्हा जाम होणारा ग्रास कटर : इंजिन बांधण्याआधी गळती शोधा

पावसाने उघडीप दिली की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतून ग्रास कटरचा आवाज सुरू होतो. कंबरेइतके वाढलेले गवत एकदा वाळले की वणव्याची भीती, म्हणून बागायतदाराला ते वेळेत कापून हवे असते. कोयतीने कापणारे मजूर आता पूर्वीसारखे मिळत नाहीत. सगळी भिस्त खांद्याला अडकवायच्या या छोट्या मशीनवर असते आणि नेमक्या याच दिवसांत मशीन बंद पडून गॅरेजच्या दारात येते.

ज्या कारागिरांचा हात लॅम्ब्रेटा, चेतक, येझदी आणि यामाहा आरएक्स १०० वर बसला, त्यांच्यासाठी हे काम नवे नाही. रस्त्यावरून टू-स्ट्रोक गाड्या जवळजवळ गेल्या. पण गवत कापायच्या मशीनमध्ये, फवारणी पंपात आणि लाकूड कापायच्या करवतीत तेच इंजिन लहान होऊन अजून चालते आहे. काम आहे, गिऱ्हाईक आहे. तरीही अनेक गॅरेजवाले हे मशीन हातात घ्यायला कचरतात. कारण विचारले तर उत्तर एकच मिळते : "नवा पिस्टन, नवी रिंग टाकून देतो आणि पंधरा दिवसांत मशीन पुन्हा जाम होऊन येते. गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्रीने डुप्लिकेट माल घातला."

माल कधी कधी डुप्लिकेट असतोही. पण बहुतेक वेळा दोष मालाचा नसतो. पहिला पिस्टन ज्या कारणाने जळाला ते कारण इंजिनात तसेच राहिलेले असते आणि नवा पिस्टनही त्याच कारणाने जातो. या लेखात मुख्यतः ते कारण कसे शोधायचे तेच सांगायचे आहे.

इंजिनाचे खालचे घर म्हणजे पंप

फोर-स्ट्रोक इंजिनात तेल खाली टाकीत असते आणि पेट्रोल-हवा वरून व्हॉल्व्हमधून येते. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाही, तेलाची टाकी नाही. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँकच्या घरात ओढ निर्माण होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, तेल व हवेचे मिश्रण त्या घरात शिरते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या खाचांतून पिस्टनच्या डोक्यावर जाते. म्हणजे क्रँकचे घर हाच पंप. क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, गजन पिनला आणि पिस्टनला मिळणारे तेलही याच वाटेने, पेट्रोलबरोबर येते.

तेलाची टाकी नसल्यामुळे हे इंजिन आडवे धरा, तिरके धरा, चढावर न्या, चालतेच. गवताच्या मशीनला ते पसंत पडण्याचे हे मोठे कारण. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये आपल्या घरामागच्या शेडमध्ये व्हिक्टा नावाचे लॉन मोवर तयार केले, तेव्हा त्यांनी व्हिलियर्स कंपनीचे टू-स्ट्रोक इंजिन आडवे बसवले होते आणि पेट्रोलच्या टाकीसाठी पीच फळांचा रिकामा डबा वापरला होता. पुढे त्या डब्याच्या मशीनमधून मोठा कारखाना उभा राहिला. भंगारातून मशीन उभे करणाऱ्या आपल्या कारागिरांना त्या डब्याचे फारसे नवल वाटणार नाही.

आता पंपाला भोक पडले तर काय होईल याचा विचार करा. क्रँकचे ऑइल सील कडक झाले, कार्बोरेटरखालचे पॅकिंग फाटले किंवा घराच्या दोन अर्ध्यांमधला सांधा सुटला, तर पिस्टन वर जाताना त्या भोकातूनही हवा आत ओढली जाते. या हवेबरोबर पेट्रोल नाही, म्हणून तेलही नाही. मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापते आणि त्याच वेळी तेल कमी पडते. सहा हजार फेऱ्यांवर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन सेकंदाला शंभर वेळा स्फोट करते. अशा वेगात काही मिनिटांचा कोरडेपणाही पुरतो. पिस्टन फुगतो, सिलिंडरला चिकटतो, मशीन जाम.

या जाम होण्याची एक फसवी खूण अशी की, मरण्याआधी मशीन उत्तम चालते. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक चटकन उचलते, आवाज तीक्ष्ण येतो, रेस झपकन चढते. चालवणारा खूश असतो. म्हणून गिऱ्हाईक सांगते, "मशीन तर एकदम फर्स्टक्लास चालत होते, अचानक थांबले."

खोलण्याआधी

स्पॅनर हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाशी पाच मिनिटे बोलावे. पेट्रोल कोण भरतो? मालक की गडी? तेल कुठले आणि किती? "काका, एका लिटरला किती तेल घालता?" असे विचारले की बहुधा "एक झाकण" असे उत्तर मिळते. झाकण कुठल्या बाटलीचे हे त्यांनाही सांगता येत नाही. काही जण मोटरसायकलचे फोर-टी तेल घालतात, काही जण गाडीतून काढलेले काळे तेलही. स्लो आपोआप चढत होता का, मशीन तिरके केल्यावर आवाज बदलत होता का, गरम झाल्यावर बटण बंद करेपर्यंत रेस उतरत नव्हती का, हेही विचारावे. यातले एकही "हो" आले तर इंजिन कुठून तरी एअर घेत असण्याचा संशय धरावा.

मग प्लग काढून पाहावा. तपकिरी असेल तर ठीक. पांढरट, भाजलेला असेल तर मिश्रण पातळ. काळा ओला असेल तर पेट्रोल-तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. त्यानंतर सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून टॉर्चच्या उजेडात खाचेतून पिस्टन पाहावा. सिलिंडर न काढताच अर्धी हकीकत कळते. पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली तर इंजिन खोलायची गरजच नसेल. उभ्या, चिकटलेल्या रेघा दिसल्या तर पुढचे काम ठरले.

हवेची परीक्षा

बहुतेक गॅरेजमध्ये टाळली जाते ती ही पायरी. तिच्यासाठी महागडे मशीन लागत नाही. एक जुना प्लग घ्या, त्याची चिनी माती फोडून काढा आणि पोकळ झालेल्या धातूच्या भागात तांब्याची बारीक नळी ब्रेझिंग करून बसवा. त्या नळीला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि घड्याळासारखा काटा जोडा. दवाखान्यातून बाद झालेला, पट्टा फाटलेला असा संच भंगारात मिळून जातो.

सायलेन्सर काढून त्या जागी जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा ठेवा आणि वरून सायलेन्सर पुन्हा कसा. कार्बोरेटरच्या तोंडाशीही तसेच करा, म्हणजे खालचा प्लॅस्टिकचा ठोकळा आणि त्याचे पॅकिंग परीक्षेतच राहते. पिस्टन अगदी खाली आणा. त्या स्थितीत बाजूच्या खाचा उघड्या असतात आणि प्लगच्या भोकातून गेलेली हवा क्रँकच्या घरापर्यंत पोहोचते. आता फुगा दाबून काटा अडीचशेच्या आसपास न्या. हा दाब पाच पौंडांपेक्षा थोडा कमी होतो. त्यापेक्षा फार वर जाऊ नका, सील उलटे होईल. काटा दोन-तीन मिनिटे जागेवर राहिला पाहिजे. खाली सरकू लागला तर साबणाचे पाणी ब्रशने लावा : मॅग्नेटमागचे सील, क्लचकडचे सील, सिलिंडरचे पॅकिंग, घराचा सांधा, ठोकळा. जिथे बुडबुडे, तिथे दोष. मॅग्नेट काढल्याशिवाय त्या बाजूचे सील दिसत नाही, एवढे लक्षात ठेवावे. आणि रबरी तुकड्याकडूनच हवा सुटत नाही ना, हेही आधी पाहून घ्यावे.

सील दाबाला टिकते पण ओढीला टिकत नाही असेही होते, कारण त्याच्या ओठाची दिशा आतल्या दाबाने घट्ट बसेल अशी असते. ज्याच्याकडे ब्रेकची हवा काढायचा ओढणारा हातपंप असेल त्याने तीच परीक्षा उलट्या बाजूनेही करावी. नसेल तर, इंजिन खोललेच आहे म्हणताना दोन्ही सील बदलून टाकणे शहाणपणाचे. सील स्वस्त असते, पिस्टन-सिलिंडर नाही.

ही परीक्षा दोनदा करायची आहे, एकदा खोलण्याआधी आणि एकदा बांधून झाल्यावर. दुसरी परीक्षा पास झाल्याशिवाय इंजिनात पेट्रोल घालू नये.

पिस्टनवरच्या जखमा वाचा

सिलिंडर उचलला की पिस्टन पुसू नका. आधी तसाच पाहा. सायलेन्सरच्या बाजूलाच ओरखडे असतील आणि बाकी पिस्टन चांगला असेल तर मिश्रण पातळ होते किंवा इंजिन तापले. थंड हवेच्या पंखांत गवताचा भुसा भरला असेल तर तेही कारण पुरते. चारही बाजूंनी ओरखडे असतील तर पेट्रोलमध्ये तेल नव्हतेच असे समजा. कार्बोरेटरच्या बाजूचा खालचा भाग करडा, वाळूने घासल्यासारखा झाला असेल तर फिल्टरमधून धूळ गेली आहे. जांभ्याची लाल माती फार बारीक असते. फाटका किंवा कोरडा फोम तिला अडवत नाही. फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलाचे दोन-चार थेंब चोळून बसवावा.

सिलिंडरबाबत स्कूटरवाल्या कारागिरांची इथे चूक होते. जुन्या स्कूटरचा सिलिंडर बीडाचा, तो लेथवर बोर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायची आपली सवय. ग्रास कटरचा सिलिंडर सहसा ॲल्युमिनियमचा असतो आणि आत कठीण क्रोमचा पातळ थर असतो. तो बोर करायचा नसतो. बोर केला की थर गेला आणि मऊ ॲल्युमिनियम उघडे पडले. लोहचुंबक लावून पाहावा. आत चिकटला तर बीड, नाही तर थरवाला.

थरावर पिस्टनचे ॲल्युमिनियम चिकटले असेल तर सिलिंडर फेकायची घाई करू नका. कॉस्टिक सोड्याचे दाट पाणी कापसाच्या काडीने फक्त त्या डागावर लावावे. ते ॲल्युमिनियम खाते, क्रोमला धक्का लावत नाही. पण खाचांच्या कडेला जिथे उघडे ॲल्युमिनियम आहे तिथे ते लागू देऊ नये, हातमोजे आणि चष्मा घालावा, खोलीत वारा असावा आणि भरपूर पाण्याने धुवावे. मिठाचे ॲसिड मात्र वापरू नका, ते क्रोमलाच खाते. डाग गेल्यावर नखाला ओरखडा लागला किंवा थर उडालेला दिसला तर सिलिंडर बदलणेच बरे.

पिस्टन आणताना बोर मोजून आणा. बाजारातल्या चिनी मशीनमध्ये दोन मापे सर्रास दिसतात : ४० मिलीमीटर बोरचे ४२.७ सीसी आणि ४४ मिलीमीटर बोरचे ५१.७ सीसी. मशीनवर ५२, ५५, कधी ६२ असा आकडा रंगवलेला असतो, त्यावर विश्वास ठेवून पिस्टन आणू नये. नवी रिंग आधी एकटी सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने सरळ ढकलून, तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने पाहावी. ४० च्या बोरला ०.१५ ते ०.३ मिलीमीटर ठीक. खूप जास्त असेल तर सिलिंडर झिजला आहे.

बांधताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगची टोके पिस्टनच्या खिळ्यावर नीट बसलेली हवीत, नाही तर टोक खाचेत अडकून रिंग तुटते. गजन पिनचे लॉक नेहमी नवे आणि त्याचे उघडे तोंड वर किंवा खाली, आडवे नाही. जुने लॉक वाचवून मिळणारे पैसे एका निसटलेल्या लॉकने अख्ख्या सिलिंडरसकट जातात. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा. आडवी हालचाल चालते, उभी हालचाल चालत नाही. उभी हालचाल असेल तर क्रँकच बदलावी लागेल आणि मग खर्चाचा हिशेब गिऱ्हाइकासमोर आधी मांडावा. माझे मत असे की, सगळा खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर तसे स्पष्ट सांगावे, मग काम मिळो वा न मिळो.

मॅग्नेटचा नट सोडवताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची स्वच्छ दोरी घालतात. ती पिस्टनने सायलेन्सरची खाच झाकल्यानंतरच घालावी, नाही तर दोरी खाचेत सापडून रिंग बिघडते. पाते दगडावर आपटलेल्या मशीनमध्ये मॅग्नेटची चावी कधी कधी अर्धी कापली जाते आणि टायमिंग सरकते. बाकी सगळे ठीक असून मशीन उलट झटका देत असेल तर आधी ती पाहावी. कॉइल आणि मॅग्नेटमध्ये ०.३ मिलीमीटर अंतर ठेवायला जाडसर व्हिजिटिंग कार्ड पुरते. प्लगची फट ०.६.

पेट्रोल आता पूर्वीचे नाही

२०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोहोचले. जुन्या टू-स्ट्रोकवर त्याचे दोन परिणाम होतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्याच सेटिंगवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. पूर्वी काठावर असलेले मशीन आता काठाच्या पलीकडे जाते. दुसरे असे की, इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या प्रकारच्या रबराला खराब करते. कार्बोरेटरमधला डायफ्राम कडक होतो, टाकीतली नळी फुगते किंवा तडकते. कडक डायफ्राम पुरेसे पेट्रोल सोडत नाही आणि मिश्रण पुन्हा पातळ होते. म्हणून जाम झालेले इंजिन बांधताना कार्बोरेटरचा डायफ्राम-पॅकिंग संच, नळी आणि टाकीतला फिल्टर बदललाच पाहिजे. दहा मिनिटे चालून बंद पडणाऱ्या मशीनच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. सूं असा आवाज आला आणि मशीन पुन्हा चालू झाले तर फक्त झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे.

तेल टू-स्ट्रोकचेच हवे, डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी लिहिलेले. प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल ते. पुस्तक नसेल आणि इंजिन नुकतेच बांधलेले असेल तर पहिल्या दोन-तीन टाक्यांना एका लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे २५ ला १. नंतर चांगल्या तेलावर ४० ला १, म्हणजे २५ मिलिलिटर. "जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षा" असे मात्र नाही. तेल फार वाढवले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होते, शिवाय सायलेन्सर कार्बनने बुजतो.

सेटिंग कानाने

कार्बोरेटरवर एल आणि एच असे दोन स्क्रू असतील तर दोन्ही हलक्या हाताने बंद करून दीड-दीड फेरा उघडा. काही मशीनवर एकच स्क्रू असतो, तिथेही दिशा तीच : आत गेला की पातळ, बाहेर आला की दाट. मशीन पाच मिनिटे गरम होऊ द्या. एल असा लावा की थ्रॉटल दाबताच इंजिन न अडखळता उचलेल. मग स्लोचा स्क्रू असा की मशीन स्लोवर स्थिर चालेल पण पाते फिरणार नाही. स्लोवर पाते फिरत असेल तर मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. क्लच चिकटला आहे किंवा स्लो जास्त आहे.

खरी परीक्षा एचची. पूर्ण थ्रॉटलवर, गवतात न घालता, आवाज ऐका. तो किंचित अडखळता, घुरघुरता, मधेमधे फुटल्यासारखा आला पाहिजे. मग मशीन गवतात घाला. ओझे पडताच तोच आवाज साफ, एकसंध झाला तर सेटिंग बरोबर. मोकळ्यावरच आवाज साफ आणि कर्कश येत असेल तर एच पाव फेरा उघडा, गिऱ्हाईक काहीही म्हणो. गिऱ्हाइकाला कर्कश आवाजच जोरदार वाटतो. गवतात घातल्यावरही घुरघुर राहिली आणि धूर झाला तर थोडा आत घ्या. अर्धा तास काम करून प्लग काढा. तपकिरी रंग दिसला की सेटिंगला हात लावू नका. पहिल्या दोन टाक्या थ्रॉटल सतत पूर्ण न दाबता, मधूनमधून सोडत चालवावे असे सांगा.

मशीन देताना जुना पिस्टन फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि ओरखडे कुठल्या बाजूला आहेत ते दाखवावे. टाकीवर ऑइल पेंटने "१ लिटर – ४० मिली" असे मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण पेट्रोल भरणारा गडी दुकानात आलेला नसतो. मोजायला औषधाच्या बाटलीवरचा खुणांचा प्लॅस्टिकचा पेला सोबत द्यावा. आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच माळ्यावर ठेवायला सांगावे. इथेनॉलचे पेट्रोल आठ महिने कार्बोरेटरमध्ये राहिले तर पुढच्या सप्टेंबरात नवा डायफ्रामही जुना झालेला असतो.